मालक रिटायर होऊन घरी येतात तेव्हा

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. भाकरी करपवून ऐकावं असं काही आम्ही आज सांगणार नाही.

विषय आहे रिटायरमेंट. पुष्कळजणी म्हणतील, हा साहेब लोकांचा विषय, आपल्याला कुठलं आलंय रिटायरमेंट! खरंय. बाईला साठाव्या वर्षी हार-नारळ देऊन “आता बसा निवांत” असं कुणी म्हणत नाही. पण मालक रिटायर होतात, कायमचे घरी येतात, आणि आपला सगळा दिवस बदलून जातो. त्या बदलाबद्दल आधी कुणी बोलत नाही. फंडाच्या पैशाबद्दल बोलतात, पोरीच्या लग्नाबद्दल बोलतात, घराला वरचा मजला चढवायचं बोलतात. पण सकाळी उठून दोघांनी दिवसभर काय करायचं, हे तसंच राहतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या तालुक्यांत, पाटण घ्या, जावळी घ्या, घरटी एक माणूस मुंबईला असं चालत आलंय. आपल्या सासऱ्यांची पिढी गिरणीत होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि कित्येकजण हातात काही नसताना अर्ध्या वयात गावी परतले. त्यांना तयारी करायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर पुष्कळ माणसं माथाडीत गेली, आधी मशीद बंदरच्या बाजारात, नंतर वाशी-तुर्भ्याच्या मार्केटात. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे, आणि तो व्हावा म्हणून अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून दिलेल्या लढ्यामुळे, ओझं उचलणाऱ्या माणसालाही फंड आणि ग्रॅच्युइटी मिळू लागली. म्हणजे आताच्या पिढीला घरी कधी यायचं याचा अंदाज आधी असतो. मग तयारीही आधी करता येते. एसटीतून, साखर कारखान्यातून, शाळेतून रिटायर होणाऱ्यांच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच घडतं. पण मुंबईकराच्या घरी जास्त घडतं, म्हणून आज त्याच घराबद्दल बोलू.

तीस वर्षं मालक गावी कधी आले? शिमग्याला, यात्रेला, गणपतीला, मे महिन्यात, आणि मयताला. दहा-पंधरा दिवस. तेवढे दिवस घरात कोंबडं कापायचं, पाव्हण्यासारखी सरबराई करायची, आणि पुन्हा एसटीला बसवून द्यायचं. बाकीचे साडेदहा-अकरा महिने घर कुणी चालवलं? भात लावला कुणी, डेअरीला दूध घातलं कुणी, सासूला दवाखान्यात नेलं कुणी, पोरांच्या शाळेत सह्या केल्या कुणी? आपणच. त्यामुळे घराचं वेळापत्रक आपल्या हाताखाली बसलेलं असतं. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झालेली असतात, पण सलग तीस-पस्तीस आठवडे एका घरात राहिलेलं जोडपं शोधून सापडत नाही. रिटायरमेंटनंतर ही दोन माणसं पहिल्यांदा रोजच्या रोज एकत्र राहायला लागतात.

पहिला पंधरवडा यात्रेसारखा जातो. तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात होते. “कुठं चाललीस?” “किती वेळ लागंल?” “मीटिंगला रोज रोज काय असतं?” चहा दोन वेळा होत होता तो पाच वेळा होतो. दुपारी शिळ्या भाकरीवर भागत होतं, आता ताजी लागते. आणि गटाचं काम करणाऱ्यांना ते हजेरीवहीत दिसतं. दहा वर्षं एक मीटिंग न चुकवलेली बाई तीन-तीन मीटिंगांना येत नाही. विचारलं तर सांगते, “आमचे हे घरी असतात ना आता.” मालक घरी आले म्हणून बाई घराबाहेर पडायची थांबते. हप्ता मुलीच्या हातून येतो, मग उशिरा येतो, मग नाव कमी करा असा निरोप येतो. भांडणतंटा काही नसतो. बाई गुपचूप आक्रसते.

त्या माणसाचंही बघायला हवं. मुंबईत तो पहाटे उठायचा, मार्केटला जायचा, टोळीतली माणसं, खोलीतली गाववाली मंडळी, शनिवारचं भजन, नाक्यावरचा चहा. त्याला तिथं नाव होतं. गावी आल्यावर गुडघे-कंबर बोलायला लागतात, बरोबरीचे सवंगडी अजून मुंबईतच असतात, आणि घरात कुठली वस्तू कुठं ठेवलीय तेही त्याला ठाऊक नसतं. तो ओट्यावर बसून रस्ता बघतो आणि मग आपल्यावर डाफरतो. काहीजण बाटलीकडे वळतात. त्याचं दुखणं स्वभावाचं कमी आणि रिकाम्या दिवसाचं जास्त असतं, असं आमचं मत झालंय.

यावर आमच्या गटांत एक खेळ घेतो, तो सांगतो. याला दिवसाचं घड्याळ म्हणतात. जमिनीवर खडूने दोन मोठी वर्तुळं काढायची, एक बाईचं, एक मालकांचं. प्रत्येकाला ज्वारीचे २४ दाणे मोजून द्यायचे, एक दाणा म्हणजे एक तास. मग वर्तुळात कामं मांडायची: झोप, पाणी, गोठा, स्वयंपाक, शेत, पोरंबाळं, गट, आणि काही न करता नुसतं बसणं. प्रत्येक कामापुढे तितके दाणे ठेवायचे. पहिल्यांदा सगळ्याजणी हसतात. मग हसणं थांबतं, कारण बाईच्या वर्तुळात “नुसतं बसणं” यापुढे ठेवायला दाणाच उरत नाही, आणि मालकांच्या वर्तुळात मूठभर दाणे कुठं ठेवायचे ते कळत नाही.

ही काही आपल्याच गावची गोष्ट नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. आणि हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचेच. न लावणारे त्या हिशेबात धरलेलेच नाहीत.

खेळ मीटिंगमध्ये शिकून घ्या आणि घरी मालकांना समोर बसवून मांडा. तक्रार म्हणून मांडू नका. “तुमचे दाणे तुम्हीच ठेवा” एवढंच म्हणा. माणूस स्वतःच्या हाताने दाणे ठेवतो तेव्हा वाद घालत नाही. मग दोघांनी मिळून फक्त दोन दाणे हलवायचे. आपल्या वर्तुळातले दोन तास त्यांच्याकडे. एकदम पाच-सहा हलवायला गेलात तर आठवड्यात खेळ मोडतो, हे आम्ही बघितलंय.

कुठलं काम हलवायचं? घराबाहेरचं आधी हलवा, ते चटकन जमतं. डेअरीला दूध घालणं, दळण आणणं, नातवाला शाळेत सोडणं, वीजबिल, बँक. चारचौघांत करायची कामं आहेत, त्यात त्यांना लाज वाटत नाही आणि माणसंही भेटतात. स्वयंपाकाचं जरा अवघड. पण एक गंमत सांगतो. यांतल्या किती मालकांनी मुंबईच्या खोलीवर पाळीपाळीने स्वयंपाक केलेला असतो! काहीजण खाणावळीत जेवायचे, पण जे पाळी लावायचे त्यांना डाळ-भात, सुकट, मटणाचा रस्सा सगळं येतं. गावची वेस ओलांडली की ते विसरतात. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी मालकांना नुसतं विचारलं, “खोलीवर तुमच्या हातचा रस्सा नावाजलेला म्हणे, आमाला कधी?” तेव्हापासून त्या घरात रविवारचा रस्सा काका करतात. भांडी अजून काकूच घासतात, ते पुढे बघू.

आता मोकळ्या झालेल्या वेळाचं. मालकांना छंद शोधून देण्यापेक्षा त्यांच्याकडे आधीच काय आहे ते बघा. मुंबईच्या भजनात टाळ धरलेला असेल तर गावच्या भजनी मंडळाला पखवाज शिकणारं माणूस हवंच असतं. कांदा-बटाटा मार्केटात राबलेल्या माणसाला माल हातात घेताच प्रत कळते. एका गटाने कांदा विकायच्या आधी अशाच एका काकांना बोलावलं. त्यांनी दुपारभर बसून बायकांना दाखवलं की मोठा, मध्यम, गोल्टी कसा वेगळा काढायचा, कोंब आलेला कसा ओळखायचा, गोणीचं तोंड दाभणाने कसं शिवायचं. त्या दिवशी ते काका ताठ बसले होते. नंतर त्यांनी “मीटिंगला काय असतं?” हे विचारणंही सोडलं, कारण मीटिंगला काय असतं ते त्यांनी बघितलं होतं.

आणि आपलं? बाईला छंद विचारला की ती आधी मागं बघते, दुसऱ्या कुणाला विचारलं की काय! वाकळ घ्या. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालायची, कडेने दुमडून घ्यायची आणि धावदोऱ्याने ओळीवर ओळ घालत जायची. उन्हाळ्यात दुपारी शेजारच्या चौघी चार कडांना बसल्या की गप्पांत वाकळ पुरी होते. हे काम आपण आयुष्यभर गरज म्हणून केलं. आता गरज नाही, बाजारात ब्लँकेट मिळतं. तरी पुष्कळजणींना ती शिवायची असते, आवडतं रंग जोडायला. ते आवडणं पुरेसं आहे. इथं आमचं मत थोडं वेगळं पडेल. आम्ही गटाचंच काम करतो, विक्री-प्रदर्शनं आम्हीच भरवतो. पण बाईने काही आवडीचं करायला घेतलं की लगेच “विकता येईल का?” असं विचारू नये. विकायचं म्हटलं की मुदत आली, माप आलं, पुन्हा कामच झालं. एखादी वाकळ नातीसाठीच राहू द्या.

नवं शिकायचं वय गेलं, असं म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची गोष्ट ऐकावी. तिथं ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांना नोकरी नको होती, सहीसुद्धा दुय्यम होती. पोथी दुसऱ्याने वाचून दाखवण्यापेक्षा आपल्याला वाचता यावी, ही त्यांची हौस. आपल्या गावात अशी शाळा नसेल, पण बारावीत नापास होऊन घरी बसलेली एखादी पोर असते. तिला दुपारचा एक तास मागा. तिलाही बरं वाटेल.

एक मात्र बघा. आपला दाणा मोकळा करताना तो सुनेच्या वर्तुळात टाकू नका. सासू भजनाला निघाली आणि सून गोठा, चूल, पोरं आणि सासऱ्यांचे पाच चहा सांभाळत बसली, तर घरात काही बदललेलं नाही, फक्त बाई बदलली. म्हणून घड्याळाचा खेळ सुनेलाही मांडायला लावा, तिसरं वर्तुळ काढा.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण छंद-बिंद त्यावरच टिकतात. फंड हातात येण्याआधी दोघांनी बसून ठरवा. एकदा आला की भावकीला, पोराच्या गाडीला, मंदिराच्या वर्गणीला सगळ्यांना तो दिसतो. साठीनंतर पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यावर येतं, मुदत पाच वर्षं. नोकरीतून रिटायर झालेल्याला ५५ नंतरही ही सोय आहे, पण पैसे हातात आल्यावर ठरावीक मुदतीत खातं काढावं लागतं, म्हणून पोस्टात आधीच विचारून घ्या. खातं नवरा-बायकोच्या नावावर जोडून काढता येतं, आणि त्यात बायकोच्या वयाची अट नाही. जोडूनच काढा. कारखाना-कंपनीतून ईपीएस पेन्शन असेल तर मालकांच्या माघारी बायकोला साधारण त्याच्या निम्मी मिळते, निदान १००० रुपये महिना. त्यासाठी कागदावर आपलं नाव, आधारवरचं नाव आणि जन्मतारीख जुळायला हवी. हे मालक धडधाकट असतानाच तपासा. आणि फोनवर कुणी “पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा” म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला लावा.

शेवटी फिरण्याचं. मालकांना मुंबई पाठ, पण आपण आपलाच जिल्हा बघितलेला नसतो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीला बाईला निम्मं तिकीट आहे, वयाची अट नाही. ७५ च्या पुढच्या सासू-सासऱ्यांना फुकट, ६५ ते ७५ ला निम्मं, त्यांचं आधार कार्ड बरोबर घ्या. दोघांनी सकाळच्या गाडीने निघून सज्जनगड करून संध्याकाळी परत येता येतं. मालक अजून ६५ चे झाले नसतील तर त्यांना मात्र पुरं तिकीट पडेल, ते हिशेबात धरा.