कपाळावरची रेघ : फ्रॅक्चर की जन्मजात शिवण?

दुचाकी घसरून कपाळाला मार लागला की लोहाऱ्यातील रुग्णाला यवतमाळला नेतात. सीटी स्कॅनमध्ये कपाळाच्या मध्यभागी उभी रेघ दिसली, तर ते फ्रॅक्चरच असते का? दर वेळी नाही.

रेघ येते कुठून?
जन्मावेळी कपाळाचे हाड दोन भागांत असते. मधली शिवण साधारण पहिल्या दोन वर्षांत जुळते. काहींमध्ये ती आयुष्यभर राहते. त्याने त्रास होत नाही.

फरक कसा ओळखतात?
शिवण नाकाच्या मुळापासून वर, बरोबर मध्यावरून नागमोडी जाते. फ्रॅक्चरची रेघ सहसा सरळ व धारदार असते, ती कुठेही जाते. तिच्यावर बहुधा सूज असते.

अभ्यासकांना काय कळते?
जुन्या सांगाड्यांतही ही शिवण नोंदवली जाते. १९८२ मध्ये नर्मदाकाठच्या हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना सापडलेल्या कवटीच्या जीवाश्मात भुवयांवरचा जाड कंगोरा दिसतो. आजच्या माणसाच्या कपाळावर तो एवढा ठळक नसतो.

हे लक्षात ठेवा
रेघ शिवण ठरली तरी निर्धास्त राहू नका. वारंवार उलटी, गुंगी किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव सुरू झाल्यास रुग्णाला लगेच रुग्णालयात न्या.