धाप, धास्ती आणि भ्रमणध्वनी

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव प्राचीन देवालये, शिल्पमंडित स्तंभ आणि बारवा यांमुळे अभ्यासकांस परिचित आहे. परंतु ज्याने उमेदीची वर्षे विडीच्या संगतीत घालविली असा तेथील एखादा वृद्ध शेतकरी, किंवा जिने पऱ्हाट्या-तुराट्यांच्या धुरात जन्मभर भाकरी भाजली अशी एखादी वृद्धा, यांस घरापासून गोकुळेश्वराच्या देवळापर्यंतची ओळखीची वाट वर्षागणिक लांबत चालल्याचा जो अनुभव येतो, त्याची नोंद कोणत्या दप्तरी व्हावी? लोक त्यास सरसकट ‘दमा’ म्हणतात. वैद्यकात त्यातील पुष्कळांच्या व्याधीस सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात अडथळा आणणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार, हे नाव आहे, आणि 2016 साली भारतात तिचे सुमारे 5 कोटी 53 लक्ष रुग्ण असल्याचा अंदाज आहे.

या व्याधीत फुप्फुसांची झालेली हानी भरून येत नाही हे खरे. पण तिच्या पाठोपाठ येणारी दुसरी हानी मात्र टाळता येण्याजोगी असते. चालले की धाप लागते, धापेची धास्ती बसते, धास्तीने माणूस ओसरीवर बसून राहतो, बसून राहिल्याने पायांचे स्नायू क्षीण होतात, आणि मग पूर्वीपेक्षा थोड्याच श्रमाने धाप लागते. हे चक्र मोडण्यासाठी फुप्फुस-पुनर्वसनाचा, म्हणजे देखरेखीखालील व्यायामाचा, साधारण आठ आठवड्यांचा क्रम असतो. मात्र ज्याला दहा पावलांवर थांबावे लागते त्याने आठवड्यातून दोन-तीनदा जिल्ह्याच्या ठिकाणी, परभणीस, खेपा घालाव्यात, ही अपेक्षा थोडी निष्ठुरच म्हटली पाहिजे. म्हणूनच भ्रमणध्वनीसारख्या साधनांच्या मदतीने घरबसल्या, म्हणजे दूरस्थ, पुनर्वसनाचा विचार पुढे आला. 2021 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 15 अभ्यासांतील 1904 रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा दूरस्थ पद्धतीचा गुण केंद्रातील पद्धतीइतकाच आढळला. क्रम पुरा करणारे तर दूरस्थ पद्धतीत 93 टक्के आणि केंद्रात 70 टक्के होते.

तथापि पडद्यावर व्यायाम दाखविला म्हणजे तो अंगवळणी पडला असे नव्हे. सवय घडविण्याच्या युक्त्यांची मानसशास्त्रज्ञ सुझन मिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली जी जंत्री केली, तीत 93 युक्त्या आहेत. त्यांपैकी ध्येय ठरविणे, स्वतःची नोंद स्वतः ठेवणे आणि आप्तांचा आधार या मला सर्वांत मोलाच्या वाटतात. ध्येय मात्र रुग्णाचे स्वतःचे हवे. दहा हजार पावलांचा जो आकडा आज सर्वतोमुखी आहे, तो 1965 च्या सुमारास जपानात पावले मोजण्याचे यंत्र विकताना रूढ झाला. तो धापेच्या रुग्णावर लादणे म्हणजे हुकूमशाहीच. या रुग्णांत रोजची 600 ते 1100 पावले वाढली तरी ती लक्षणीय सुधारणा मानतात. तेव्हा गेल्या आठवड्यात जेवढे चालणे झाले, त्यावरूनच पुढच्या आठवड्याचे माप ठरवावे, हे रास्त.

संकल्पही मोघम नसावा. ‘रोज चालेन’ यापेक्षा ‘सकाळचा चहा झाला की पारापर्यंत जाईन, चिखल असला तर ओसरीतच फेऱ्या मारीन’ हा बेत अधिक टिकतो. शिवाय शून्य ते दहा अशा मापावर आपली धाप स्वतःच मोजावयास शिकविले, म्हणजे तीन-चारपर्यंतची धाप ही व्यायामाची स्वाभाविक खूण असून संकट नव्हे, हे रुग्णास उमगते, आणि माझ्या मते सर्व युक्त्यांचे मर्म येथे आहे. अर्थात प्रारंभी डॉक्टरांकडून तपासणी हवी, आणि छातीत दुखले किंवा भोवळ आली तर तत्काळ थांबावे.

राहता राहिला भ्रमणध्वनी. खेड्यात तो बहुधा मुलाचा वा नातवाचा असतो आणि त्यांच्याबरोबर शेतात, नाही तर थेट पुण्यास जातो. तेव्हा यंत्राने धाडलेली आठवण आजोबांपर्यंत पोचेलच याची हमी नाही. अशा घरी पावलांची हजेरी साध्या वहीत मांडावी, आणि नातवाने संध्याकाळी फोन करून ‘आजोबा, आज कुठवर गेला होतात?’ एवढे विचारावे. युक्ती तीच, साधन तेवढे निराळे.