जेवणघरांतला अंधार

जेवणघराच्या भिंती गडद रंगवून तेथें मंद दिवा लावण्याची आवड हल्लीं शहरांत वाढत आहे. आमच्या धारणीकडे तिचें फारसें नवल वाटणार नाहीं. मेळघाटांतील कोरकूंचीं जुनीं घरें कुडाचीं, मातीनें लिंपलेलीं, झरोके बेताचे. वैशाखाच्या उन्हांतून आंत येतांच डोळे निवतात. लिंपलेली भिंत प्रकाश परतवून डोळ्यांवर मारीत नाहीं, हें त्यांतलें मर्म. गडद पण चकचकीत तैलरंगाच्या भिंतींत मात्र प्रत्येक दिवा आरशांतल्यासारखा उमटतो व डोळ्यांस टोंचतो. म्हणून रंग बिनचमकीचा असावा. दिवाहि छताला नको. पंगतींत समई पानांजवळ, जमिनीलगत असे. तसा तो मेजाच्या वर अडीच-तीन फुटांवर, झांकण घालून, पिवळसर उजेडाचा टांगावा. खोली अंधारी राहते, ताट उजळतें.

एक गोष्ट मात्र बहुधा विसरली जाते. म्हातारपणीं डोळ्याचें भिंग पिवळट होतें, बाहुली आकसते. सुनेला पुरणारा उजेड सासऱ्यांस पुरत नाहीं. भातांतला खडा दिसेना कीं ते पुढचा घास जपून घेतात, आणि बोलत नाहींत. त्यांच्या पानाशीं आणखी एक लहान दिवा ठेवावा, त्यांनीं मागण्यापूर्वींच.