चारशे यार्डांवरची कोंडी

कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ आणि तिथलीच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा यांच्यातलं अंतर चारशे यार्ड, म्हणजे जेमतेम ३६५ मीटर. ऑक्टोबर १९८६ मध्ये या दोन ठिकाणच्या संगणकांमधला संवाद जवळजवळ ठप्प झाला. एरवी सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, ते ४० वर आले. एका अक्षराला आठ बिट धरले, तर सेकंदाला पाच अक्षरं. कसलेला टंकलेखकही एवढं टंकतो! तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. प्रत्येक संगणक नेमून दिलेलं काम इमानेइतबारे करत होता, आणि कोंडी त्यातूनच झाली होती.

असं का झालं हे कळायला थोडं मागे जावं लागतं. जुन्या टेलिफोनमध्ये दोघं बोलत असेपर्यंत मधली वाट त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली असे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, वेगळाच विचार मांडला: संदेशाचे लहान तुकडे करायचे आणि प्रत्येकावर पत्ता घालून ते सामायिक तारांवर सोडायचे. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिलं. वाटेतला राउटर पत्ता वाचतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. गर्दी वाढून त्याची स्मृती भरली, की जादाची पॅकेट तो टाकून देतो, आणि बहुतेक वेळा कुणाला कळवतही नाही.

मग संदेश पूर्ण पोहोचतो कसा? व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये याचं उत्तर दिलं. मधल्या जाळ्यानं कसलीच हमी द्यायची नाही; जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांनी घ्यायची. याच आराखड्यातून टीसीपी आणि आयपी हे नियमसंच आले आणि १ जानेवारी १९८३ पासून इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट हे जाळं त्यांवर चालू लागलं. आयपी पत्त्याचं बघतो. टीसीपी मजकुराला क्रमांक देतो, पलीकडून पोच येण्याची वाट बघतो आणि ती वेळेत आली नाही, तर तोच तुकडा पुन्हा पाठवतो.

घात झाला तो इथेच. गर्दीमुळे पोच उशिरा येऊ लागली. पाठवणाऱ्याला वाटलं पॅकेट हरवलं, म्हणून त्यानं पुन्हा पाठवलं. शेजारच्या संगणकांनीही तेच केलं. तारा भरल्या त्या एकाच मजकुराच्या प्रतींनी.

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन यांनी विद्यापीठातल्या मायकेल कॅरल्स यांच्यासह याचा छडा लावला. त्यांनी नवी तार मागितली नाही, टोकांच्या संगणकांची वागणूक बदलली. सुरुवात एकाच पॅकेटनं करायची. पोच येत गेली, की दोन, चार, आठ असं वाढवायचं. पोच आली नाही, तर ती गर्दीची खूण समजून मर्यादा निम्म्यावर आणायची आणि पुढे एकेक पॅकेटनं जपून वाढवायची. ही दुरुस्ती बर्कलीच्या युनिक्स प्रणालीतून सर्वत्र पसरली आणि ऑक्टोबर १९८९ च्या इंटरनेट नियमावलीनं ती बंधनकारक केली.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मध्ये वाहतूक नियंत्रक कुणी नाही. मुंबईहून न्यू जर्सीतल्या लेकीला एक मेगाबाइटचा फोटो पाठवला, तर त्याची सुमारे सातशे पॅकेट होतात. समुद्रतळाच्या केबलमध्ये किती गर्दी आहे, हे आपल्या फोनला ठाऊक नसतं. त्याला दिसतात फक्त परत येणाऱ्या पोचा. तेवढ्यावरून तो वेग आवरतो आणि अनोळखी लोकांच्या पॅकेटना जागा करून देतो. पुढे आलेल्या सुधारित पद्धतींतही हा संयम कायम आहे. २०१६ मध्ये गूगलमधून आलेल्या ‘बीबीआर’ या पद्धतीच्या कर्त्यांमध्ये जेकबसन स्वतः आहेत.

आपल्या महाविद्यालयांत टीसीपीच्या व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. जेकबसन यांचा १९८८ चा मूळ निबंध इंटरनेटवर मोफत मिळतो. प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.