छात्राध्यापिकेची शिदोरी

बी.ए. झाल्यावर पुढे काय, असा विषय निघाला की आपल्याकडे घरोघरी एक उत्तर तयार असते, "बी.एड. करून घे." आपल्या महाविद्यालयातूनही दरवर्षी अनेकजण त्या वाटेने जातात. मीही गेले. पण त्या अभ्यासक्रमात शाळेत जे दिवस काढावे लागतात, ते नेमके काय शिकवतात याची कल्पना फार थोड्यांना असते. प्रस्तुत लेखात तेवढेच सांगण्याचा विचार आहे.

पूर्वी बी.एड. एका वर्षाचे होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांमुळे ते २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. यालाच शालेय आंतरवासिता म्हणतात. या काळात छात्राध्यापकाने परिपाठाला उभे राहायचे, हजेरी घ्यायची, वह्या तपासायच्या, अनुभवी शिक्षकांच्या पाठांचे निरीक्षण करायचे आणि स्वतःचे पाठ घ्यायचे.

शाळेत जाण्यापूर्वी महाविद्यालयात आमचे सूक्ष्म अध्यापन झाले होते. ही पद्धत अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास सुरू झाली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, पाच-सात मिनिटांचा पाठ द्यायचा आणि त्यावर चर्चा करायची. प्रश्न विचारणे हे त्यांतलेच एक कौशल्य. पण तेथे विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी बसलेले असतात. त्यांना उत्तरे आधीच ठाऊक असतात आणि पाठ वेळेवर संपावा अशी त्यांचीही इच्छा असते! त्यामुळे प्रश्न विचारला रे विचारला की उत्तर हजर.

दुसरी तयारी पाठाच्या टाचणाची. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या. आपल्याकडे अनेक वर्षे त्या 'पंचपदी' म्हणून शिकवल्या गेल्या आणि आजच्या टाचणांवरही त्यांची छाया आहे. आमच्या टाचणात प्रश्नासमोर एक रकाना असे, 'अपेक्षित उत्तर'. आंतरवासितेचे सारे शिक्षण माझ्या मते या एका रकान्याभोवती फिरते.

माझी शाळा मूर्तिजापूर तालुक्यातील होती. एके दिवशी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मी इतिहासाच्या बाईंचा पाठ पाहत होते. भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला धावली, हे सांगून झाले. मग बाईंनी विचारले, "इंग्रजांनी आपल्याकडे रेल्वे कशासाठी आणली असेल?" पुस्तकी उत्तर ठरलेले होते, कच्चा माल जलद वाहून नेण्यासाठी. पुढच्या बाकांवरचे दोन-तीन हात लगेच वर गेले. बाईंनी कोणाचेही नाव घेतले नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. वर्गात शांतता पसरली. आणि मग माझ्या शेजारच्या बाकावरची, आठवडाभर माझ्या कानी जिचा आवाज पडला नव्हता अशी एक मुलगी म्हणाली, "कापूस न्याले, मॅडम. थे शकुंतला कापसासाठीच होती, माहा आबा सांगते."

शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही अरुंदमापी रेल्वे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीच ती बांधली गेली. आता ती गाडी बंद आहे, पण घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ती अजून धावते. बाईंनी त्या मुलीची भाषा सुधारली नाही. फळ्यावर आधी 'कापूस' लिहिले, त्याच्यापुढे 'कच्चा माल' लिहिले आणि मध्ये एक बाण काढला. पुस्तकातला शब्द मुलांच्या घरातल्या शब्दाला असा जोडला गेला.

त्या शांततेमागे शास्त्र आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली आणि १९७० च्या दशकात आपले निष्कर्ष मांडले. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांब व सकारण होतात, 'माहीत नाही' कमी होते आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. उत्तर मिळाल्यावर पुन्हा थोडे थांबले, तर मूल आपल्या उत्तरात स्वतःच भर घालते. कारण उघड आहे. प्रश्न ऐकणे, अर्थ लावणे, आठवणे आणि शब्द शोधणे, एवढे काम एका सेकंदात होत नाही. ज्या मुलाला घरच्या वऱ्हाडीतून शाळेच्या मराठीत यायचे असते, त्याचे अंतर तर आणखी एका मुक्कामाने जास्त.

यातूनच एक साधा नियम निघतो. प्रश्न आधी, मग थांबणे आणि नाव शेवटी. नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग विचार करायचे सोडून देतो.

त्या दिवसानंतर माझ्या निरीक्षणवहीत मी दोन रकाने वाढवले. शिक्षक किती थांबले, आणि उत्तर कोणत्या बाकावरून आले. माझ्या टाचणातही 'अपेक्षित उत्तर' याच्या शेजारी 'मिळालेले उत्तर' हा रकाना आला. पाठ संपल्यावर दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचले, की उद्या कोठून सुरुवात करायची ते कळते.

कोणी म्हणेल, तीन सेकंदांचे एवढे काय? पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ असे सांगते की, बालकाला भयमुक्त करावे आणि मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करावे. तो हक्क चौदाव्या वर्षापर्यंतचा, म्हणजे साधारण आठवीपर्यंतचा. तोवर ज्या मुलीचा आवाज वर्गात एकदाही ऐकू आला नाही, तिने पुढच्या जूनमध्ये शाळा सोडली, तर तिची उणीव कोणाला भासणार? हजेरीपटावरचे एक नाव कमी झाले, एवढेच.

आपल्यापैकी जे बी.एड.ला जातील, त्यांनी रंगीत तक्ते जरूर करावेत, फळ्यावरचे अक्षरही वळणदार काढावे. मात्र प्रश्न विचारून झाल्यावर खडू खाली ठेवावा, मनातल्या मनात तीन आकडे मोजावेत आणि मागच्या बाकांकडे पाहावे.