सौभद्र : लग्नघरातले संगीत

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे 1843 साली जन्मलेले आणि काही काळ बेळगावात शिक्षक असलेले बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 18 नोव्हेंबर 1882 रोजी पुण्यात ‘संगीत सौभद्र’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा महाभारतातल्या कथेच्या निमित्ताने मराठी प्रेक्षकाला आपल्याच घरातले लग्न पाहायला मिळाले. सुभद्रेचा थोरला भाऊ बलराम तिची दुर्योधनाशी सोयरीक ठरवून मोकळा होतो, तिने मात्र अर्जुनाला मनाने वरलेले असते, आणि दुसरा भाऊ कृष्ण थोरल्याचा शब्द उघडपणे न मोडता सारा बेत फिरवतो.

या फिरवाफिरवीतला सर्वांत सुंदर भाग म्हणजे अर्जुनाचा संन्यास. त्रिदंडी यतीच्या, म्हणजे तीन काठ्यांचा दंड धारण करणाऱ्या संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला बलरामच भक्तिभावाने घरी आणतो आणि त्याच्या सेवेला सुभद्रेलाच नेमतो. ज्याला जावई म्हणून नाकारले त्याच्यासमोर वडीलकीच्या साऱ्या इतमामाने बहिणीला उभे करणारा हा भाऊ हास्यास्पद ठरत नाही, त्याचा भाबडा जिव्हाळा जाणवतो, आणि किर्लोस्करांच्या विनोदाचे मोठेपण इथेच आहे. रुसलेल्या रुक्मिणीची रात्री समजूत काढणारा कृष्णही देव कमी आणि नवरा अधिक वाटतो. देवादिकांच्या संसारातले असे रुसवेफुगवे गाऊन दाखवणारा ‘श्रीकृष्ण पारिजात’ हा कानडी लोकनाट्यप्रकारही किर्लोस्करांच्याच बेळगावकडच्या मुलखातला आहे, हे इथे आवर्जून आठवावे.

नाटकात शंभराच्या वर पदे आहेत. साकी, दिंडी, कामदा या परिचित वृत्तजातींबरोबर लावणीच्या आणि कानडी चालीही त्यांत येतात, परंतु कथा थांबवून गाणे सुरू होते असे सहसा घडत नाही, कारण विनवणी, थट्टा आणि भांडण ही पात्रे पदांतूनच करतात. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा त्या काळी गाजली ती या गाण्यामुळे. स्त्रीभूमिका तेव्हा पुरुषच करीत. अमेरिकेत बोलपट नवा असताना अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाने 1929 साली ‘द लव्ह परेड’मध्ये राणी आणि तिचा नवरा यांच्यातला मानापमान गाण्यांतून उलगडला, संवादाचे काम गाण्याकडे सोपवण्याची ती रीत मराठी प्रेक्षकाला तोवर सत्तेचाळीस वर्षे ओळखीची होती.

बेळगावातच किर्लोस्करांचे विद्यार्थी असलेले गोविंद बल्लाळ देवल यांनी 1899 साली ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पुराण बाजूला सरले आणि पैशासाठी लेक म्हाताऱ्याला देणारा बाप समोर आला. इथे कृष्ण नाही. वधूवर सगोत्र, म्हणजे एकाच गोत्राचे असल्याचे उघड झाल्यामुळे लग्न मोडते. 1929 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरविलास सारडा यांच्या नावावरून ‘शारदा कायदा’ म्हणून रूढ झाला. त्या नावाचा नाटकाशी संबंध नाही, तरी तो शब्द ऐकताच मराठी माणसाला आठवली ती देवलांचीच शारदा.