शहराची आकाशरेषा आणि समोरची मोकळी जागा

इमारतींचे माथे संपून जिथे आभाळ सुरू होते, ती वरखाली होत जाणारी कड म्हणजे शहराची आकाशरेषा. रोजच्या बोलण्यातली स्कायलाइन. काही शहरांची ही रेषा इतकी ठसठशीत असते की रंग, पाट्या, माणसे सगळे पुसून नुसती काळी बाह्याकृती कागदावर उमटवली, तरी शाळकरी मूलही शहराचे नाव सांगते. न्यूयॉर्क, लंडन, हाँगकाँग, सिडनी ही त्यातली ठळक उदाहरणे. जगात अशीही कितीतरी शहरे आहेत, जिथे पन्नास-साठ मजली मनोरे दाटीवाटीने उभे आहेत, पण छायाचित्राखाली नाव नसेल तर शहर कुठले ते कळत नाही. उंची दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो बहुतेक वेळा मोकळ्या जागेमुळे. शहरासमोर किती जागा रिकामी आहे, दोन इमारतींच्या मध्ये आभाळ किती उरले आहे आणि ते तसेच राहावे म्हणून कुणी कधी हट्ट धरला आहे का, यावर रेषेची ओळख ठरते.

पूर्ण रेषा दिसायची तर बघणाऱ्याला मागे सरकायला जागा लागते. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या पायथ्याशी उभे राहून मान कितीही वर केली तरी शेंडा नीट दिसत नाही, आसपासच्या इमारतींशी तिचे नाते तर मुळीच कळत नाही. तीच इमारत ईस्ट नदीपलीकडच्या ब्रुकलिनच्या काठावरून साऱ्या गोतावळ्यासकट नजरेत मावते. मॅनहॅटन हे चिंचोळे बेट. एका अंगाला हडसन, दुसऱ्या अंगाला ईस्ट नदी, दक्षिणेला बंदर. नदीच्या पात्रात कुणी मनोरा बांधत नाही, त्यामुळे समोरचे दृश्य पिढ्यानपिढ्या उघडे राहिले. नगररचनाकार केविन लिंच यांनी ‘द इमेज ऑफ द सिटी’ (१९६०) या पुस्तकासाठी बोस्टन, लॉस एंजेलिस आणि जर्सी सिटी इथल्या रहिवाशांना त्यांच्या मनातल्या शहराबद्दल बोलते केले. हडसनच्या काठावरच्या जर्सी सिटीतल्या लोकांना गावातली लक्षात राहणारी गोष्ट विचारली, तेव्हा वारंवार उत्तर आले ते नदीपलीकडे दिसणाऱ्या न्यूयॉर्कच्या आकाशरेषेचे. स्वतःच्या गावाची खूण म्हणून लोकांनी शेजारच्या गावाकडे बोट दाखवले, कारण त्यांच्या काठावरून तेच सर्वांत चांगले दिसत होते.

शांघायच्या बाबतीत बघण्याची जागा आधी तयार होती आणि दृश्य मागाहून आले. हुआंगपू नदीच्या पश्चिम काठावर ‘बंड’ नावाचा जुना धक्का आहे. तिथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या दगडी बँका आणि कचेऱ्यांची ओळ उभी आहे. समोरचा पुडोंगचा काठ १९९० पर्यंत गोदामे, कारखाने आणि शेते यांचा होता. १९९४ मध्ये तिथे ४६८ मीटर उंचीचा ओरिएंटल पर्ल हा गोलगोल मण्यांचा मनोरा आला, २०१५ मध्ये ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. अवघ्या दोन दशकांत ही रेषा जगभर ओळखीची झाली. धक्क्यावर येऊन उभे राहिले की अख्खे पुडोंग रंगमंचासारखे समोर मांडलेले दिसते.

न्यूयॉर्कच्या रेषेचे वळण मात्र कायद्याने घडवले आहे. १९१५ मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग ही ३८ मजली इमारत उभी राहिली. भूखंड एक एकरापेक्षाही लहान, आणि त्याच्या कडेपासून भिंती सरळ वर चढवलेल्या. खालच्या गल्ल्यांत भरदुपारी अंधार पडू लागला. शेजारच्या इमारतींचे भाडे घसरेल अशी मालकांना भीती वाटली, नागरिकही चिडले. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, शहराने नवी नियमावली आणली. रस्त्याची रुंदी जितकी, त्या प्रमाणात कडेची भिंत काही उंचीपर्यंत सरळ नेता येई. त्यापुढे प्रत्येक टप्प्यावर इमारतीने आत सरकायचे. भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवा तितका उंच मनोरा चढवायला मुभा होती. रस्त्यावर ऊन पोहोचावे एवढ्यासाठी केलेल्या या नियमातून पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या इमारती जन्माला आल्या. दीपमाळेसारखी वर वर बारीक होत जाणारी ही आकृती पुढे साऱ्या जगाच्या मनात ‘न्यूयॉर्क’ म्हणून रुजली. वास्तुरचनाकाराची प्रतिभा त्यात होतीच, पण उतरता साचा नियमावलीने घालून दिला होता.

या आकृतीवर कळस चढवला तो क्रायस्लर बिल्डिंगने. १९२९ मध्ये तिची स्पर्धा वॉल स्ट्रीटवरच्या दुसऱ्या एका इमारतीशी लागली होती. वास्तुरचनाकार विल्यम व्हॅन ॲलन यांनी सुमारे ५६ मीटरचा पोलादी सुळका गुपचूप इमारतीच्या पोटातच जुळवून घेतला आणि त्या ऑक्टोबरात तो माथ्यातून वर काढला. उंची झाली ३१९ मीटर. उंचीचा विक्रम तिच्याकडे जेमतेम वर्षभर राहिला, कारण १९३१ मध्ये एम्पायर स्टेट तिच्या पुढे गेली. क्रायस्लर विसरली गेली नाही ती तिच्या माथ्यामुळे. गंज न चढणाऱ्या पोलादाच्या एकावर एक रचलेल्या कमानी, प्रत्येक कमानीत उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या पसरलेल्या त्रिकोणी खिडक्या, आणि वर सुईसारखा सुळका. संध्याकाळचे तिरपे ऊन त्यावर पडले की मैलभरावरूनही ती इमारत वेगळी कळते. दूरवरून बघणाऱ्याच्या वाट्याला बहुतेकदा इमारतीचा वरचा हिस्साच येतो, बाकीचा शेजाऱ्यांआड जातो. म्हणून ज्या शहरांत वास्तुरचनाकारांनी माथ्याचा विचार केला, त्यांची रेषा लक्षात राहते. सपाट गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या सगळीकडे सारख्याच दिसतात.

मॅनहॅटनच्या रेषेला दोन उंचवटे आहेत: दक्षिण टोकाचा वॉल स्ट्रीटचा परिसर आणि मध्यावरचा मिडटाउन. मधला भाग बसका. कठीण खडक या दोन जागी वर आहे आणि मध्ये खोल गेला आहे, म्हणून मनोरे तिथेच उभे राहिले, असे अनेक वर्षे शिकवले जात होते. जेसन बार आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी जुन्या इमारतींच्या नोंदी तपासून २०११ मध्ये दाखवले की खडकाच्या खोलीचा वाटा किरकोळ होता. व्यापार आणि वस्ती जिथे सरकली तिथे मनोरे गेले. कारण काहीही असो, मधल्या दरीमुळे ही रेषा वाचता येते. सलग भिंत झाली असती तर नजर कुठेच ठरली नसती.

रेषेतली पोकळी किती बोलते, हे याच शहराला फार दुःखद रीतीने कळले. १९७० च्या दशकात पूर्ण झालेले वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे म्हणजे सरळसोट चौकोनी खांब. दिसायला रुक्ष म्हणून समीक्षकांनी त्यांच्यावर टीका केली होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर मात्र नदीपलीकडून बघणाऱ्या प्रत्येकाची नजर त्यांच्या रिकाम्या जागेवरच जाऊन थांबत असे. तिथे आज ५४१ मीटरचा वन वर्ल्ड ट्रेड सेंटर उभा आहे. फुटांत मोजली तर ही उंची १,७७६, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेचे साल.

क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे (१९९८) तर पोकळी सोबत घेऊनच जन्मले. सीझर पेली यांनी ४५२ मीटरचे दोन सारखे मनोरे उभे केले आणि ४१-४२ व्या मजल्यांवर त्यांना पुलाने जोडले. दोन मनोरे आणि पूल यांच्यामध्ये आभाळाचा जो दरवाजा तयार होतो, तोच या रचनेचा गाभा आहे. मनोरा एकच असता तर त्याची गणना उंच इमारतींच्या यादीतली आणखी एक अशी झाली असती.

मोकळे आभाळ राखण्याचा हट्ट लंडनइतका चिवटपणे दुसऱ्या कुणी धरला नसेल. १६६६ च्या आगीनंतर ख्रिस्तोफर रेन यांनी बांधलेल्या सेंट पॉल कॅथीड्रलची उंची १११ मीटर. १९६० च्या दशकापर्यंत लंडनमध्ये त्याहून उंच इमारत नव्हती. १९३० च्या दशकात आसपास उंच कचेऱ्या होऊ लागल्या आणि नदीकाठावरून घुमट झाकला जाऊ लागला, तेव्हा ‘सेंट पॉल हाइट्स’ या नावाने भोवतालच्या इमारतींना उंचीच्या मर्यादा आल्या. पुढे शहरभरातल्या ठरावीक जागांवरून घुमटाकडे जाणारे दृष्टिमार्गच आखून संरक्षित केले गेले. त्यातला सर्वांत लांबचा रिचमंड पार्कमधल्या किंग हेन्रीज माउंड या टेकाडावरून निघतो. तिथे झाडीच्या भिंतीत एक भोक कापून राखलेले आहे. त्याला डोळा लावला की सुमारे १६ किलोमीटरवरचा घुमट त्या चौकटीत बरोबर बसलेला दिसतो. २०१६ मध्ये स्ट्रॅटफर्डला, घुमटाच्या कितीतरी मागे, एक मनोरा चढला आणि त्या चौकटीत घुमटापाठी डोकावू लागला. इतक्या दूरच्या पार्श्वभूमीचा विचार आधी कुणी केला नव्हता, म्हणून वाद पेटला. तो रास्तच होता, कारण घुमटाची कड उठून दिसते ती मागच्या कोऱ्या आभाळामुळे.

या दृष्टिमार्गांनी लंडनच्या नव्या इमारतींचे आकारही घडवले. २०१४ मध्ये पूर्ण झालेली २२५ मीटरची लेडनहॉल इमारत एका बाजूने पाचरीसारखी तिरपी छाटली आहे. फ्लीट स्ट्रीटवरून सेंट पॉलकडे बघताना ती घुमटामागे आडवी येऊ नये म्हणून रिचर्ड रॉजर्स यांच्या कार्यालयाने तिला मागे कलवले. लंडनकरांनी तिला ‘चीज किसण्याची किसणी’ असे नाव दिले. शेजारी काकडीच्या आकाराची ‘घर्किन’ आहे, नदीपलीकडे ३१० मीटरची काचेच्या कपचीसारखी ‘शार्ड’. लोकांनी घरगुती टोपणनाव देणे ही इमारत ओळखीची झाल्याची खात्रीची खूण असते.

हाँगकाँगने इमारतींमागच्या डोंगरांना जपले. व्हिक्टोरिया बंदराच्या पलीकडून, म्हणजे कौलूनच्या धक्क्यावरून, बघितले की मनोऱ्यांच्या रांगेमागे हिरव्या डोंगरांची धार दिसते. ठरावीक जागांवरून बघताना धारेखालचा २० ते ३० टक्के भाग इमारतींविना मोकळा दिसावा, अशी तिथल्या नगररचनेची मार्गदर्शक सूचना आहे. काही मनोऱ्यांनी ती ओलांडली आहे, हेही खरे. पण काचेचे मनोरे आता सगळ्याच शहरांत आहेत. त्यांच्यामागचा हा डोंगर मात्र हाँगकाँगचाच.

मुंबईत उंच इमारतींची कमतरता नाही. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि लालबाग-परळच्या आभाळात जिथे चिमण्या दिसत तिथे आता साठ-सत्तर मजली मनोरे आहेत. चिमणी बघून गिरणगाव ओळखता येत असे. हे मनोरे बघून परळ की एखादे उपनगर, हे सांगणे अवघड. मुंबई ओळखू येते ती अजूनही दोन मोकळ्या जागांमुळे. एक ओव्हल मैदान. त्याच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेला ८५ मीटरचा राजाबाई टॉवर. पश्चिमेला १९३० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती. मधले मैदान रिकामे आहे म्हणूनच दोन काळ समोरासमोर उभे राहून एकमेकांना दिसतात. २०१८ मध्ये युनेस्कोने हा समूह जागतिक वारसा यादीत घेतला.

दुसरी मोकळी जागा म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरचा समुद्र. मलबार हिलवर, म्हातारीच्या बुटाच्या बागेतून खाली बघितले की सारी कमान एका नजरेत येते. समुद्रात भराव घालून केलेल्या या जमिनीवरच्या जुन्या इमारती मोजक्या मजल्यांच्या आणि जवळपास सारख्या उंचीच्या. त्यांतली एकही दुसरीहून फारशी उंच नाही, आणि पुढे नरिमन पॉइंटला रेषा एकदम वर उसळते. इथे ओळख पटवून देतो तो किनाऱ्याचा वाक.

रात्री हा वाक फक्त दिव्यांनी काढलेला असतो, आणि ‘राणीचा हार’ हे नाव त्याला पडले आहे ते त्या सोनेरी दिव्यांमुळे. २०१५ च्या सुरुवातीला जुने पिवळे दिवे काढून पांढरेशुभ्र एलईडी बसवले गेले. इमारती त्याच होत्या, समुद्र तोच, वळणही तेच. तरी हाराचा रंग उडाला म्हणून मुंबईकरांनी तक्रारी केल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि किनाऱ्यावर पुन्हा पिवळसर दिवे लागले.